जिनातली हातबोली

जिनाच्या फाटकाला आता कुलूप नसतं. आत नेण्यासारखं काही उरलेलं नाही, हे चोरांनाही कळून चुकलंय. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मी आईला धरून त्या फाटकातून आत नेलं, आणि चारदोन पावलांतच तो वास आला. सरकीचा. किंचित कडवट, तेलकट, उन्हात तापलेल्या गोणपाटासारखा. सव्वीस वर्षांत इथं कापसाचं एक बोंड आलेलं नाही, तरी भिंतींनी वास धरून ठेवला होता. आईनं मान वर करून हवा ओढून घेतली आणि म्हणाली, “हाय अजून.”

आमच्या श्रीरामपुरात कापसाच्या जिनिंग फॅक्टरीला कुणी एवढं लांबलचक म्हणत नसे. नुसतं ‘जिन’. “आई कुठंय?” “जिनात गेलीय.” बाहेरगावच्या पाहुण्याला वाटायचं, बाई एखाद्या बाटलीत जाऊन बसली की काय. कापूस आत यायचा, सरकी एकीकडे पडायची, रुई दुसरीकडे, आणि मधे माझी आई उभी असायची. पूर्वेच्या ओळीत, नऊ नंबरच्या मशीनवर.

तिला तिथं परत न्यायचं कारण म्हणजे रूथ. रूथ ही मार्थामावशीची, म्हणजे आईच्या जिनातल्या मैत्रिणीची, नात. पुण्याला जाऊन ध्वनी-बिनी शिकली आणि डीजे झाली. डीजे म्हटलं की आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले स्पीकरचे डबे, नवरदेव घोड्यावर आणि पुढं नाचून घामाघूम झालेले मेहुणे, एवढंच डोळ्यांपुढं येतं. रूथचं तसलं नव्हतं. गेल्या आठवड्यात ती स्कूटीवरून आईकडे आली तेव्हा मी तिथंच आईचं सामान बांधत होते.

“आज्जी, शनिवारी आपल्या जिनात म्युझिक नाइट आहे. तुम्ही यायचंच.”

“कसली म्हनलीस?”

“म्युझिक नाइट. इलेक्ट्रॉनिक. अंडरग्राउंड.”

“जमिनीखाली?”

रूथ हसली. “तसं नाही हो. म्हणजे, फार गाजावाजा न करता केलेलं. ज्याला खरंच ऐकायचंय त्याच्यापुरतं.”

“गाजावाजा न करता गानं?” आईनं माझ्याकडे बघितलं. “आन् नाइट म्हन्ती, तर चार वाजता का बोलिवती?”

“दहानंतर परवानगी नाही मिळत, आज्जी. आमची नाइट दुपारी चारलाच उजाडते.”

मग आईच्या लक्षात काहीतरी आलं. “पर जिनात जमिनीखाली व्हतंच की गं. शाफ्ट खालीच फिरायचा. वरच्या समद्या मशिनी खालनं चालायच्या.” हे मात्र खरं होतं. फरशीखाली बोगद्यासारखी लांब खोदाई होती. तिच्यात एक लोखंडी दांडा गरगर फिरायचा आणि त्याच्यावरचे चामड्याचे पट्टे वरच्या प्रत्येक मशीनला फिरवायचे. म्हणजे अंडरग्राउंडची माहिती रूथपेक्षा आईलाच जास्त होती.

रूथ निघताना आईनं तिला दारापर्यंत पोचवलं आणि उगाच तिच्या ओढणीचं टोक सारखं केलं. “तुजी आजी येनारे का?” असं विचारायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही. मार्थामावशी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते, आणि सव्वीस वर्षांत ती माझ्या आईशी एक शब्द बोललेली नाही.

दिवाळी झाली की जिनाचा भोंगा सुरू व्हायचा आणि शिमग्याला थांबायचा. आमचं बालपण त्या दोन टोकांच्या मधे मावलेलं. सकाळी गल्लीला साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास असायचा, त्यातून स्टेशनातल्या गाडीची शिट्टी यायची, आणि मग तो भोंगा. बायका पोलक्यावर नवऱ्याचा जुना सदरा चढवून, पदर खोचून निघायच्या. संध्याकाळी परत यायच्या तेव्हा सगळ्यांचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. कापसाचं तूस. आई दारात उभी राहून पदर झटकायची आणि दहा मिनिटांत म्हातारीची पुन्हा तरुण व्हायची. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा रोज म्हाताऱ्या होऊन परत येतात.

दुपारचा डबा पोचवायला मी जायची. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा कान जायचे. सुऱ्यांची खटखट, रुळांची घरघर आणि या सगळ्याच्या खालून तो शाफ्ट, जो कानाला नाही तर तळपायाला ऐकू यायचा. माझे दुधाचे दात त्यानं थरथरायचे. दोन ओळींत समोरासमोर चाळीस मशिनी, चाळीस बाया, सगळ्यांनी तुसापासून वाचायला पदर नाकातोंडावर घट्ट बांधलेला. बोलायची सोय नाही, आणि बोललं तरी ऐकू येणार नाही. आता चाळीस बायांना आठ-दहा तास एकत्र उभं केलं आणि बोलू नका म्हटलं, तर काय त्या गप्प बसणार होत्या?

त्यांनी हातांनी बोलायला सुरुवात केली. कुणी, कधी, ते माहीत नाही. आई कामाला लागली तेव्हा ती बोली तयारच होती. हातबोली. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की मुकादम येतोय. कानाची पाळी ओढली की भोंग्याची वेळ झाली. दंडाला चिमटा म्हणजे सासू. या विषयावर दिवसभर चिमटे चालायचे. प्रत्येकीला नावही होतं. आईच्या हनुवटीवर गोंदण आहे, म्हणून हनुवटीला दोन बोटं लावली की आई. मार्थामावशीची वेणी तेव्हा कमरेखाली जायची, म्हणून हवेतली वेणी ओढली की मार्था. ती आईच्या बरोब्बर समोर, पश्चिमेच्या ओळीत. दिवसभर दोघी एकमेकींकडे तोंड करून उभ्या, हात कापसात, आणि मधूनच एखादा हात सुटून हवेत काहीतरी सांगून परत कापसात.

मला मुळाक्षरांच्या आधी हातबोली आली. पहिलीत असताना गुरुजी वर्गात शिरले आणि मी पोरींना सावध करायला मिशीला पीळ दिला. गुरुजींना मिशा होत्या. पुढचं सांगायला नको.

त्या बोलीतलं एक वाक्य मात्र सगळ्यांत वरचं होतं. पालथा हात दोनदा खाली दाबायचा, आणि मग स्वतःच्या छातीवर थाप मारायची. तू बस, मी बघते. एखादीला बाहेर ताटकळलेल्या लेकराला पाजायचं असलं, एखादीच्या पोटात कळ आली, की समोरची हे म्हणायची आणि स्वतःचं मशीन सांभाळून तिचंही सांभाळायची. मुकादमाच्या ते लक्षात येऊ द्यायचं नाही. मी सहा महिन्यांची होईपर्यंत आई दिवसातून तीनदा जिनाच्या लिंबाखाली येऊन मला पाजायची, आणि तेवढा वेळ मार्थामावशी नऊ नंबर आणि आपलं, दोन्हीकडे पळायची. आई म्हणते, “तू निम्मी माजी हायेस, निम्मी मार्थाची.”

पण भोंगा झाला की हात खाली. जिनाबाहेर कुणी हातबोली बोलत नसे. बाहेर बोललं तर लेकरं मुकी निपजतात, अशी सगळ्या बायांची खात्री होती. मशिनी चालू असतील तरच ती बोली. मशिनी बंद की ती मुकी.

मग जिन बंद झालं. का झालं ते मोठ्यांना माहीत. त्याच आठवड्यात दोघींचं काहीतरी बिनसलं. काय, ते मी दोघींनाही विचारलंय आणि दोघींनीही विषय बदललाय. मला एवढंच आठवतं की रविवारी देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या पायरीवर मार्थामावशी उभी होती, पांढऱ्या पातळात, डोळे लाल, आणि सगळ्यांदेखत आईला म्हणाली, “ह्या तोंडानं तुझ्याशी एक शबुद बोलले तर माझी जीभ झडंल.” देवाच्या दारात बोललेलं. माघारी घ्यायची सोय नाही.

आई पहिली दोन वर्षं तिच्याशी बोलत राहिली. रस्त्यात थांबवून म्हणायची, “मार्था, बरी हायेस का?” मार्थामावशी तोंड फिरवायची, पण तिचे डोळे भरायचे. मग आईनं बोलणं सोडलं. म्हणाली, “मी हाक मारते आन् तिला गिळावं लागतं. कशाला छळू तिला?”

ताटं मात्र चालू राहिली. नाताळला मार्थामावशीकडून फराळाचं ताट यायचं, करंज्या, शंकरपाळ्या, वरून हाताने विणलेला रुमाल. ताट रिकामं परत करत नाहीत. म्हणून संक्रांतीला आई तेच ताट तिळगुळानं भरून पाठवायची आणि ते घेऊन जाणाऱ्या मला दर वर्षी बजावायची, “तिळगूळ दे. पर ‘गोड बोला’ म्हनू नको हां. तिला वाटंल टोमना मारला.” सगळ्या श्रीरामपुरात न बोलता तिळगूळ वाटणारी मी एकटीच असेन.

यंदा संक्रांतीत आई आजारी पडली. ताट तसंच राहिलं. आता गुडघे साफ गेलेत, जिना चढवत नाही, एकटीला ठेवणं शक्य नाही, म्हणून मी तिला सोमवारी नगरला माझ्याकडे नेणार होते. कायमची. दोन गाठोडी बांधून झाली होती, भांडी पोत्यात गेली होती, आणि फळीवर ते एकच ताट उरलं होतं.

“अगं, काहीतरी भरून देऊन टाक ना,” मी म्हटलं.

“देऊन टाकलं की संपलं,” आई म्हणाली. “ताट माज्याकडं हाय तवर तिचं काय तरी माज्याकडं हाय.” आणि मग भिंतीकडे तोंड करून, मला ऐकू यावं की येऊ नये अशा आवाजात, “जाताना एक शबुद बोलली असती तर मी सुकानं गेले असते गं.” मी माझ्या आईला कधी काही मागताना बघितलेलं नाही. त्या दिवशी मला रडू आलं, आणि मी ते भांड्यांच्या पोत्यात तोंड घालून उरकलं.

तर शनिवारी आम्ही जिनात. मशिनी केव्हाच भंगारात गेल्या, पण फरशीत रोवलेले त्यांचे गंजलेले बोल्ट जागच्या जागी आहेत, चार-चारच्या पुंजक्यांनी. छपराच्या भोकांतून उन्हाचे दांडे खाली उतरले होते. पुण्या-मुंबईची तीसेक पोरंपोरी आली होती, काळे कपडे, गंभीर चेहरे. गावातलीही बरीच आली होती, कारण ‘डीजे’ एवढी दोनच अक्षरं त्यांनी वाचली होती. आणि भिंतीशी, डब्यांच्या जवळ, प्लास्टिकच्या खुर्चीवर मार्थामावशी बसली होती. नातीच्या कार्यक्रमाला ती येणारच. तिची वेणी आता बोटाएवढी राहिली आहे. आईनं तिला बघितलं आणि माझा दंड घट्ट धरला.

पहिल्यांदा पुण्याचा एक तुळतुळीत डोक्याचा मुलगा उभा राहिला. त्यानं तासभर एकच आवाज इतक्या निग्रहानं फिरवला की आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ह्याची चक्की कोरडीच फिरतीया. दानं टाक म्हनावं.” गावातल्या पोरांचा धीर सुटला.

“ओ ताई, हळदीचं लावा की एखादं!”

रूथनं मान वर केली नाही. माइक तोंडाजवळ घेतला. “इथं फर्माईश नाही. वाजेल ते ऐका. नाहीतर बाहेर रसवंती चालू आहे.”

अर्धे खरंच रसवंतीवर गेले. त्यातले काही थोड्या वेळानं उसाच्या रसाचे ग्लास हातात धरून परत आले आणि दारात उभे राहून माना हलवू लागले. मला रूथचं कौतुक वाटलं. या गावात एखाद्या बाईनं लोकांना आवडेल ते न करता स्वतःला पटेल ते करणं, ते पण एवढ्या मोठ्या आवाजात, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

उन्हाचे दांडे तांबूस झाले तेव्हा रूथची पाळी आली. तिच्या शेजारी नेवाशाकडचे एक गोंधळीकाका संबळ घेऊन उभे राहिले. रूथपुढं टेबलावर बटणांचा आणि वायरींचा पसारा. काकांनी संबळावर काठी घासली, रूथनं एक बटण फिरवलं, आणि फरशीखालून तो आला. कानातून नाही. तळपायातून. माझे दात थरथरले. वरून संबळाची खटखट, खाली ती घरघर. रूथनं महिनाभरापूर्वी माझ्या आईकडून आणि स्वतःच्या आजीकडून, वेगवेगळं बसवून, मशिनींचा ठेका टेबलावर वाजवून घेतला होता. दोघींनी तोच वाजवला होता, असं ती मला म्हणाली होती. तेव्हा मी ते बोलणं हसण्यावारी नेलं होतं.

आईनं माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले: “शाफ्ट चालू झाला.”

तेवढ्यात कुणीतरी धुराचं मशीन सोडलं. पांढरा धूर फरशीवरून वर चढू लागला आणि आईनं, एक क्षणही विचार न करता, पदर ओढून नाकातोंडावर घट्ट बांधला. तूस उडालं की बांधायचा, तसा. मी समोर बघितलं. पलीकडे खुर्चीवर मार्थामावशीनंही पदर बांधला होता. सगळ्या जिनात तोंडं बांधलेल्या त्या दोघीच होत्या.

आईनं माझा हात सोडला. जिना न चढवणाऱ्या गुडघ्यांनी ती पूर्वेच्या ओळीत गेली, बोल्टांचे पुंजके ओलांडत, आणि एका पुंजक्यापाशी थांबली. मी मोजलं. नऊ. तिकडून मार्थामावशी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली आणि सावकाश चालत आपल्या जागी येऊन उभी राहिली. समोरासमोर. मधे नाचणारी पोरं होती, त्यांच्या डोक्यांमधून दोघी एकमेकींना दिसत होत्या.

मार्थामावशीचा हात वर आला. तिनं दोन बोटं आपल्या हनुवटीला लावली.

सव्वीस वर्षांनी तिनं माझ्या आईला नावानं हाक मारली होती. आईनं हवेतली वेणी ओढली, पार कमरेखालपर्यंत, जुनी होती तेवढी. ‘ह्या तोंडानं’ असं मार्थामावशी म्हणाली होती. हातांची शपथ तिनं घेतलीच नव्हती.

मग हात सुटले. मला सगळं कळलं नाही; खूप वर्षं झाली. दंडाला चिमटा काढलेला दिसला, आणि दोघींचे खांदे हसण्यानं हलले. बहुधा आता आपणच सासवा झालो, असं काही असावं. आईनं दोन्ही हातांनी गोल ताट दाखवलं आणि रिकामी ओंजळ. मार्थामावशीनं बोटं झटकली: राहू दे. मग आईनं डोक्यावर गाठोडं धरल्यासारखं केलं आणि नगरच्या दिशेला हात केला. मार्थामावशीच्या पदराच्या वरचे डोळे मला एवढ्या लांबूनही दिसत होते. तिनं पालथा हात खाली दाबला. दोनदा. आणि छातीवर थाप मारली.

आईचं मशीन आता जगात कुठंच नव्हतं. मार्थामावशी काय बघणार होती, ते तिलाच ठाऊक. पण आईला ते पोचलं. तिनं डोळे पुसले आणि उत्तर द्यायला हात वर उचलला.

आणि आवाज बंद पडला. कुणाच्या तरी पायात अडकून वायर निघाली होती. एकदम एवढी शांतता झाली की बाहेरच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू आले. पोरं थांबली, इकडे-तिकडे बघू लागली. आईचा हात हवेत तसाच राहिला आणि मग हळूहळू खाली आला. मशिनी बंद, हात खाली. मार्थामावशीनं पदर सोडला होता. तिचे ओठ उघडले. ते पुन्हा मिटले. शपथ ती शपथ. आई खाली मान घालून नऊ नंबरच्या बोल्टांकडे बघत राहिली आणि मला वाटलं, झालं, एवढंच होतं.

तेव्हा मार्थामावशी वळली, नातीकडे बघितलं आणि सगळ्या जिनाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, “अगं रूथ, थांबिवलंस का? लाव की परत. आमचं बोलनं ऱ्हायलंय आजून.”

रूथनं वायर खोचली. दोघींनी पदर बांधले.